शरीराची साक्ष

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिन्यापूर्वी चिटणीसबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा आहार आणि जीवनसत्त्वे या विषयावर मी बोलावे असा त्यांचा आग्रह होता. मी त्यांना म्हटले, शरीरात काय असावे याविषयी आपण मंडळात पुष्कळ ऐकले. जे असू नये आणि तरीही असते त्याविषयी एकदा बोलू द्या. त्या जरा बिचकल्या. ‘वर्धापनदिनाला थोडा गोड विषय बरा असतो हो,’ असेही म्हणाल्या. पण माझा हट्ट त्यांनी पुरवला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मी काही वक्ती नव्हे. तीस वर्षे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त आणि लघवी तपासण्यात गेली, तेव्हा बोलण्यापेक्षा परीक्षानळी धरण्याची सवय अधिक. सांभाळून घ्या.

आपण नेहमी ऐकतो की हवा दूषित झाली, नदीचे पाणी बिघडले, भाजीवर औषधे मारतात. हे सारे मोजता येते आणि मोजलेही जाते. परंतु हवेत किती आहे हे कळले, म्हणून माझ्या अंगात किती आले हे कळत नाही. एकाच चाळीतल्या दोन बायका. एकीच्या घरी जुन्या रंगाचे पोपडे पडताहेत, दुसरीच्या घरी नाहीत. एकीचा नवरा बॅटऱ्या वितळवण्याच्या कामावर जातो आणि तेच कपडे घालून घरी येतो, दुसरीचा कारकून आहे. हवा दोघींची एक, पण अंगातला साठा निराळा. म्हणून हवेला विचारण्यापेक्षा अंगालाच विचारावे, ही एक वेगळी विद्या गेल्या शतकात निघाली. रक्त, लघवी, केस, दात, आईचे दूध, एवढेच काय पण वाळलेली नाळसुद्धा यात साक्षीला येते. प्रत्येकाची साक्ष निराळी असते. लघवी कालपरवाचे सांगते, रक्त महिन्या-दोन महिन्यांचे, केस वाढतील तितक्या महिन्यांचे, आणि दात व हाडे वर्षानुवर्षांचे.

यातली दातांची हकीकत मला फार आवडते, कारण ती आपल्यासारख्याच बायकांच्या मंडळाने घडवली. अमेरिकेत सेंट लुईस नावाचे शहर आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिका आणि रशिया दोघेही उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या करीत होते. त्या धुळीत स्ट्रॉन्शियम-९० नावाचे किरणोत्सारी द्रव्य असे. ते गवतावर पडे, गाय ते खाई, गाईच्या दुधातून ते मुलांच्या पोटात जाई. स्ट्रॉन्शियम हे स्वभावाने कॅल्शियमचे भावंड. शरीराला दोहोंतला फरक नीट कळत नाही, म्हणून ते मुलांच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसे. सरकार म्हणे, काळजीचे कारण नाही. तेव्हा १९५८ च्या डिसेंबरात तिथल्या काही नागरिकांनी आणि विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यास सुरुवात केली. या कामाच्या प्रमुख होत्या डॉ. लुईझ राइस. शाळांतून, दातांच्या डॉक्टरांकडून, घराघरांतून दात येऊ लागले. लिफाफे फोडणे, आईने गरोदरपणी कुठे दिवस काढले आणि मूल कोणते दूध प्यायले याच्या चिठ्ठ्या लावणे, दात वेगवेगळे करून ठेवणे, हे कंटाळवाणे काम मुख्यतः स्वयंसेविकांनी केले. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. त्यावर ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ अशा अर्थाचे वाक्य असे. १९७० पर्यंत तीन लाखांहून अधिक दात जमले!

एका दातात ते द्रव्य इतके थोडे असे, की एका वर्षी जन्मलेल्या मुलांचे पुष्कळसे दात एकत्र करून मगच मोजणी होई. पहिले निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे असे दिसले, की १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत १९५० मधल्या मुलांपेक्षा सुमारे पन्नास पट स्ट्रॉन्शियम-९० होते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार झाला. तो केवळ या दातांमुळे झाला असे मी म्हणणार नाही. राजकारणाची कारणे पुष्कळ असतात. पण ‘धोका नाही’ म्हणणाऱ्यांपुढे आयांनी मुलांचे दात ठेवले, ही गोष्ट काही लहान नव्हे.

नाळेची हकीकत जपानची आहे. तिथे मुलाची वाळलेली नाळ लाकडाच्या लहानशा पेटीत जपून ठेवण्याची चाल आहे. आपण पुरतो, ते ठेवतात. मिनामाता या समुद्रकाठच्या गावी चिस्सो कंपनीचा कारखाना पाऱ्याचे विषारी पाणी उपसागरात सोडी. मासळी खाणाऱ्यांच्या अंगात ते गेले. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली, परंतु जन्मतःच लुळी-पांगळी असलेली मुले ही त्याच विषाची बळी आहेत हे मान्य व्हायला आणखी वेळ लागला, कारण त्यांच्या आया तर हिंडत्याफिरत्या होत्या. पुढे डॉ. हारादा यांनी घरोघरीच्या पेट्यांतल्या नाळा मिळवल्या आणि त्यांतला पारा मोजून १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. मूल पोटात असताना आईच्या अंगातून पारा त्याच्याकडे गेला, याची साक्ष त्या वाळक्या तुकड्याने दिली. वार विष अडवते, अशी तोवर डॉक्टरांचीही समजूत होती.

आता मी माझ्या मुख्य विषयाकडे येते. तो म्हणजे शिसे. आजवर शरीरात मोजलेल्या सर्व विषांत शिशाइतकी नीट मोजणी दुसऱ्या कशाची झाली असेल असे मला वाटत नाही.

शिसेही कॅल्शियमचे सोंग घेते. अंगात गेलेले शिसे पहिला महिनाभर रक्तात फिरते, मग त्यातले पुष्कळसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे वीस-वीस, तीस-तीस वर्षे राहते. बाई गरोदर राहिली, अंगावर पाजू लागली, की बाळासाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघते. त्याबरोबर जुने शिसेही निघते. म्हणजे आईने मुलगी असताना जे गिळले, ते तिच्या मुलाला पोचते. लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे आतड्यातून शोषून घेते. त्यात त्याला लोह आणि कॅल्शियम कमी पडत असेल तर विचारूच नका.

हे विष मोठ्या प्रमाणात असले तर पोटात कळा, झटके, मृत्यू, हे पूर्वीपासून ठाऊक होते. थोड्या प्रमाणाने काय होते, ते मात्र पुन्हा दातांनीच सांगितले. डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दात गोळा केले. ही मुले आजारी नव्हती, धडधाकट होती. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती बुद्धीच्या कसोटीत मागे पडली, आणि वर्गात त्यांचे लक्ष लागत नाही, सांगितलेले काम ती पुरे करीत नाहीत, असे त्यांच्या शिक्षकांनी, दातांचा निकाल माहीत नसताना, लिहून दिले होते. हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. शिशाच्या धंद्यातल्या लोकांनी नीडलमन यांना पुष्कळ छळले. तो निराळा इतिहास आहे. एव्हाना पेट्रोलमधले शिसे तिकडे कमी होऊ लागले होते, आणि १९७६ ते १९८० या चार वर्षांत अमेरिकन लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे ३७ टक्क्यांनी उतरले. पेट्रोल उतरले तसे रक्त उतरले. दोन्ही रेषा एकमेकींच्या अंगावर अंग टाकून चालल्यासारख्या दिसतात. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोल शिसेविरहित झाले, आणि जगातला शेवटचा देश अल्जेरिया, तिथे २०२१ मध्ये ते बंद झाले.

‘मग झाले की! आता आम्हाला कशाला सांगता?’ असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होते.

माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात असते. २०१८ मध्ये नातवाचा पहिला वाढदिवस होता, म्हणून मी सहा महिने तिच्याकडे राहायला गेले. तिकडे मूल एक वर्षाचे झाले की त्याच्या रक्तातले शिसे तपासावे, दोन वर्षांचे झाले की पुन्हा तपासावे, असा कायदा आहे. मुलाला काही होवो न होवो. आपल्याकडे अशी सरसकट तपासणी होत नाही. नातवाचे बोट टोचून थेंबभर रक्त घेतले, ते आले १२. हा आकडा म्हणजे एका डेसिलिटर रक्तात, सुमारे पाऊण वाटी धरा, इतके मायक्रोग्रॅम शिसे. आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मी मुलीला धीर दिला. म्हटले, बोटावर धूळ असली तरी आकडा फुगतो, शिरेतले रक्त तपासल्याशिवाय खरे मानू नये. हे माझे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. शिरेतले रक्त घेतले. ११ आले.

आकड्यांची मौज पाहा. १९७१ मध्ये ४० च्या वर गेले तरच काळजी करावी असा तिकडचा सल्ला होता. मग ३०, मग २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, आणि २०२१ पासून ३.५. शिसे बदलले नाही, आपले ज्ञान बदलले. निर्धोक असा आकडाच नाही, असे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते.

थोड्याच दिवसांत तिथल्या आरोग्य खात्याची एक परिचारिका घरी आली. फार समजूतदार बाई. तिच्याजवळ भिंतीवर धरताच रंगातले शिसे दाखवणारे एक यंत्र होते. घर नवे, रंगात काही निघाले नाही. पाणी पाहिले, खेळणी पाहिली. मग ती म्हणाली, ‘मसाले दाखवा, आणि तुमच्या देशातून आणलेली औषधे, काजळ, पूजेच्या पुडी, जे असेल ते सगळे.’ तिला ठाऊक होते, कारण २०१० मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी भारतीय मसाले आणि पूजेच्या पुडींमुळे मुलांच्या रक्तात शिसे गेल्याचे छापले होते. आणि ज्या न्यू जर्सीत आम्ही बसलो होतो, तिथल्याच रटगर्स विद्यापीठाने २०१७ मध्ये सिंदूर तपासला होता: न्यू जर्सीच्या दुकानांतला, आणि मुंबई-दिल्लीच्या दुकानांतला. तिकडच्या नियमाप्रमाणे अशा पदार्थात दर ग्रॅमला २० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे चालत नाही. न्यू जर्सीच्या नमुन्यांपैकी १९ टक्के आणि भारतातल्या नमुन्यांपैकी ४३ टक्के त्या मर्यादेच्या बाहेर होते.

मुलीने देव्हाऱ्याचा खण ओढला. त्यात शेंदराची डबी होती. ती मी नेली होती. एका देवळाबाहेरच्या पालावर कागदाच्या पुडीत घेतलेला शेंदूर, घरच्या मारुतीला लावायला. रोज संध्याकाळी दिवा लावला की मारुतीला बोट लावून तेच बोट मी नातवाच्या कपाळाला लावीत असे. मुलाला घाम येई, तो हात कपाळावर फिरवी, हात तोंडात घाली. देव्हाऱ्याखाली रांगे, तिथे थोडी पूड सांडलेली असेच. परिचारिकेने ती डबी तपासायला नेली. उत्तर आले, की पुडीच्या वजनातले निम्म्याहून अधिक वजन शिशाचेच आहे.

मैत्रिणींनो, शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या पेपरात मी ते लिहिले आहे. शिशाच्या तीन अणूंना प्राणवायूचे चार अणू, त्याला शेंदूर म्हणतात, रंग नारिंगी. त्याला गुणही मिळाले असतील. पण परीक्षेतला शेंदूर वेगळा आणि देव्हाऱ्यातला वेगळा, अशी डोक्यात दोन खाती होती. तीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत मी साखर, युरिया, काविळीची रक्ते किती तपासली त्याची गणती नाही. शिशासाठी एकही रक्त तपासले नाही. कोणी मागितलेच नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

मुलगी मला एक शब्द बोलली नाही. जावईही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरे वाटले असते.

अकरा आकड्याला औषध देत नाहीत. शिसे अंगाबाहेर खेचणारी औषधे असतात, पण ती ४५ च्या वर गेल्यावर, आणि रुग्णालयात. त्याखाली उपाय एकच: कुठून येते ते शोधा आणि बंद करा. लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळेल असे जेवण द्या, हात धुवा, जमीन कोरड्या केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. तीन महिन्यांनी नातवाचा आकडा ६ आला, वर्षाने ३ च्या खाली गेला. आता तो शाळेत जातो, गणितात बरा आहे, खोडकर आहे. शेंदूर नसता तर तो याहून कसा असता, हे सांगणारी कोणतीही तपासणी जगात नाही.

हा आकडा निघतो कसा, तेही थोडक्यात सांगते, कारण पुष्कळांना ती जादू वाटते. रक्त घ्यायची नळी मुळात शिसेमुक्त असावी लागते, नाहीतर नळीचेच शिसे मोजले जाईल. ते रक्त पातळ करून त्याचे तुषार आर्गॉन वायूच्या सहा हजार अंशांहून अधिक तापलेल्या ज्योतीत सोडतात. तिथे रक्ताचे रक्तपण उरत नाही, नुसते अणू उरतात. मग यंत्र ते अणू त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करते, जसे आपण रवा, पीठ आणि कोंडा वेगवेगळ्या चाळणीने काढतो, आणि शिशाच्या वजनाचे किती आले ते मोजते.

या चाळणीने आणखी एक गोष्ट कळते, आणि मला ती अद्भुत वाटते. शिशाचे सगळे अणू एका वजनाचे नसतात. २०४, २०६, २०७ आणि २०८ अशी चार वजने, आणि त्यांचे आपसातले प्रमाण ज्या खाणीतून ते शिसे निघाले त्यावर अवलंबून असते. म्हणजे शिशाला गोत्र असते म्हणा ना! रक्तातल्या शिशाचे गोत्र आणि घरातल्या वस्तूंतल्या शिशाचे गोत्र ताडून पाहिले, की शिसे कुठून आले याचा माग लागतो.

बांगलादेशात असेच घडले. तिथे खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसे अधिक आढळले. ना कारखाना, ना मोटारी, मग शिसे आले कुठून? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोरसाइथ आणि तिथल्या सहकाऱ्यांनी घरातले सगळे तपासले आणि गोत्र जुळवले. ते जुळले हळदीशी. १९८० च्या दशकात पुराने हळद भिजून काळपट पडू लागली, तेव्हा तिला उजळ करण्यासाठी पॉलिश करताना काही गिरण्यांत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळू लागले आणि तीच रीत पडली. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या सरकारने, दुर्मिळ गोष्ट म्हणायची, ताबडतोब हालचाल केली. बाजारात पत्रके लावली, व्यापाऱ्यांना दंड केला आणि तो दूरचित्रवाणीवर दाखवला. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये एकातही सापडले नाही. गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही सुमारे तीस टक्क्यांनी उतरले. दोन वर्षांत! इतका स्वस्त आणि झटपट उपाय माझ्या उभ्या आयुष्यात मी ऐकला नाही.

आपल्या घरी मात्र ‘हळकुंडे आणून दळली म्हणजे हळद निर्मळ’ असा एक समज आहे. मीही तो तुम्हाला कितीदा सांगितला असेल. पण रंग चोळला जातो तो हळकुंडालाच, दळण्यापूर्वी. तेव्हा हळकुंड बोटाला पिवळेजर्द लागत असेल, आत काळसर आणि बाहेर सोनेरी असेल, तर ते घेऊ नये. आपल्या देशात हळदीत शिशाची मर्यादा दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे. २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या शहरांतल्या हळदीची पाहणी प्रसिद्ध झाली. बहुतेक हळद चांगली निघाली, पण पाटण्यासारख्या काही ठिकाणच्या नमुन्यांत शिसे या मर्यादेच्या शंभर पटींहून अधिक होते. आपल्या सांगलीची हळद बदनाम करण्यासाठी मी हे बोलत नाही. पण गावाचे नाव म्हणजे तपासणीचा कागद नव्हे.

हळदीखेरीज घरात कुठे पाहावे? जुन्या दारा-खिडक्यांचा तैलरंग. घरगुती रंगांत शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीचे रंग भिंतीवर आहेतच. सुट्टा सुरमा. चकाकी दिलेली मातीची भांडी, त्यांत लोणचे किंवा चिंचेचे सार ठेवले तर. कल्हई शुद्ध कथिलाची असावी. कथिलात शिसे मिसळून स्वस्तात कल्हई लावणारेही असतात. नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म, ते कोणाच्याही सांगण्यावरून मुलाला चाटवू नये. आणि ज्या घरातले माणूस बॅटऱ्यांच्या कामावर आहे, त्या घरी कामाचे कपडे वेगळे धुवावेत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये केलेल्या अंदाजाप्रमाणे रक्तात ५ च्या वर शिसे असलेली मुले जगात सुमारे ८० कोटी, त्यांतली भारतात साडेसत्तावीस कोटी. एवढ्या मुलांच्या कपाळी काही शेंदूर नाही. त्यांचे शिसे नाना वाटांनी येते, म्हणूनच एक-एक घर विचारावे लागते.

आता दोन इशारे. पहिला लेकुरवाळ्यांसाठी. आईच्या दुधात डीडीटी सापडल्याचे १९५१ मध्ये अमेरिकेत प्रथम छापून आले, आणि त्यानंतर किती तरी द्रव्ये दुधात सापडली आहेत. चरबीत मुरणारी द्रव्ये दुधात उतरतात आणि दूध तपासायला सोपे पडते, म्हणून शास्त्रज्ञ ते तपासतात. याचा अर्थ दूध पाजू नये असा मुळीच नाही. डबाबंद दूध कालवायचे ते कोणत्या पाण्यात? माझे ऐकून कोणी अंगावरचे दूध तोडले तर माझे आजचे बोलणे फुकट गेले असे मी समजेन.

दुसरा इशारा असा, की ‘सर्व विषांची तपासणी’, ‘केस पाठवा, धातू सांगतो’ अशा जाहिराती हल्ली येतात. केसाला बाहेरून धूळ, मेंदी, शाम्पू सगळे लागते, आणि दोन प्रयोगशाळा एकाच केसाची दोन उत्तरे देतात. मिनामातेला केसांचा उपयोग झाला, कारण तिथे काय शोधायचे हे ठाऊक होते. तपासणी अशी मागावी, जिचे उत्तर आल्यावर आपण काही करणार आहोत. प्लॅस्टिकमधली काही द्रव्ये सकाळी पोटात जातात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीवाटे निघून जातात. त्यांचा एका दिवसाचा आकडा घेऊन कोणी घाबरण्यात अर्थ नाही. आकड्यानंतर ‘विषहारक काढा’ विकणारा तर लगेच येतो. शिशाचे तसे नाही. शिशाचा आकडा आला की घरात शोधायला लागता येते. मूल एक-दोन वर्षांचे असेल, माती-रंग चाटत असेल, रक्त कमी असेल, घरी वर सांगितलेल्यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी सुचवा. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत ती होते. डॉक्टर हसले तरी सुचवा.

राहता राहिला आपला मंडळाचा प्रश्न. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण किलोच्या मापाने सुटे कुंकू आणतो आणि वाणाबरोबर पुड्या बांधून वाटतो. अस्सल कुंकू हळदीलाच टाकणखार आणि लिंबाचे पुट देऊन करतात. माझी आजी अंगणात करायची आणि आमचे हात आठ-आठ दिवस लाल राहायचे. ते कुंकू हळदीइतकेच निर्मळ. बाजारातल्या भडक पुडीत काय असते ते मात्र दुकानदारालाही ठाऊक नसते. म्हणून गेल्या संक्रांतीच्या उरलेल्या पुड्यांपैकी दोन, आणि भांडारातली मंडळाची हळद, असे तीन नमुने मी पाकिटात घालून, तारीख टाकून चिटणीसबाईंकडे दिले आहेत. सरकारमान्य अन्नप्रयोगशाळेत शिशाची तपासणी करून मिळते. खर्च वर्गणीतून करायचा की मी करायचा, ते कार्यकारिणीने ठरवावे. उत्तर येईपर्यंत यंदाच्या पुड्या बांधू नयेत, एवढी माझी विनंती आहे. शेंदूर ज्यांच्या घरी असेल त्यांनी देवाला खुशाल लावावा, पण मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, आणि बोट पुसून मगच मुलाला जवळ घ्यावे.

कोणाला काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी मी इथेच आहे.